बॅटलीचं माउंट प्लेझंट : उतारावरचं एक जुनं मैदान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जगातल्या मोठमोठ्या स्टेडियमवर पानभर मजकूर आला होता, तो वाचला. फोटो सुंदर होते, माहितीही चांगली होती, पण शेवटी जे लिहिलंय की लहान गावांतली जुनी मैदानं आता कालबाह्य झालीत आणि त्यांनी नव्या बांधकामांना जागा करून द्यावी, ते वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. पत्र लांबेल, हवं तर काटछाट करा, पण मैदानाचा इतिहास तेवढा कापू नका ही विनंती.

मी इंग्लंडमध्ये वेस्ट यॉर्कशायरमधल्या बॅटली या गावात राहते. लीड्सपासून ११-१२ किलोमीटर, शेजारी ड्यूसबरी, सगळा डोंगरउताराचा आणि काळपट दगडी घरांचा भाग. इथे टेकडीवर माउंट प्लेझंट नावाचं रग्बी लीगचं मैदान आहे, आणि १८८० पासून, म्हणजे क्लब निघाला तेव्हापासून, बॅटलीचा संघ तिथेच खेळतोय. सुरुवातीला क्रिकेट आणि फुटबॉल (तेव्हा रग्बीलाही फुटबॉलच म्हणायचे) मिळून एकच क्लब होता, आजही क्रिकेटचं मैदान बाजूलाच आहे. आता नावापुढे स्पॉन्सर म्हणून फॉक्सेस बिस्किट्सचा बोर्ड लागलाय, तीही याच गावात १८५३ साली सुरू झालेली कंपनी आहे, त्यामुळे तो बोर्ड निदान परका वाटत नाही. बाकी गावातली म्हातारी माणसं मैदानाला फक्त ‘द माउंट’ म्हणतात.

आधी गावाबद्दल सांगायला हवं, नाहीतर मैदान कळणार नाही. बॅटली म्हणजे चिंध्यांचं गाव. १८१३ साली इथल्या बेंजामिन लॉ नावाच्या माणसाने लोकरीच्या जुन्या चिंध्या फाडून, पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून पुन्हा सूत कातायची रीत बसवली, त्या कापडाला शॉडी म्हणतात. मग काय, सगळ्या युरोपातून चिंध्यांच्या गाठी रेल्वेने इथे यायला लागल्या, स्टेशनपाशी त्यांचे लिलाव व्हायचे, स्टेशन रोडवरची ती दगडी गोदामं अजून उभी आहेत. सैन्याचे कोट, युनिफॉर्म, ब्लँकेटं, असं जाडंभरडं कापड या पट्ट्यात विणलं जायचं म्हणून या भागाला हेवी वूलन डिस्ट्रिक्ट असंच नाव पडलं. आणि आज हा धंदा जगात सगळ्यात मोठा कुठे चालतो माहितीये का, पानिपतला! आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ आठवतं, दुसरं काही आठवतच नाही, पण आज जगभरचे टाकून दिलेले लोकरी कपडे तिथे जातात आणि त्यांची ब्लँकेटं होऊन निघतात, भूकंप-पुरात वाटली जाणारी ब्लँकेटं पुष्कळदा तिथलीच असतात. बॅटलीचा धंदा गेला तो असा आपल्याच देशात गेला, ही गोष्ट मला इथे येईपर्यंत कुणी सांगितली नव्हती.

तर अशा गिरण्यांत काम करणारी पोरं शनिवारी खेळायची. आणि भांडण तिथूनच सुरू झालं. रग्बीचा कारभार लंडनकडच्या शिकल्यासवरल्या, पैसेवाल्या लोकांच्या हातात, त्यांचं म्हणणं खेळाडूने एक पैसा घ्यायचा नाही, खेळ हा हौसेचा. पण त्या काळात शनिवारी दुपारपर्यंत गिरणी आणि खाण चालू असायची, दूरच्या गावी मॅच असली की पाळी बुडवावी लागायची, पाळी बुडाली की मजुरी कापली जायची, आणि घरी खाणारी तोंडं तर तेवढीच. बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या एवढंच उत्तरेतल्या क्लबांचं मागणं होतं. ते फेटाळलं गेलं, आणि २९ ऑगस्ट १८९५ ला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक होऊन हे क्लब बाहेर पडले, नॉर्दर्न युनियन निघाली, पहिल्या सीझनला २२ क्लब होते, त्यात बॅटली होतं. भरपाई ठरली दिवसाला ६ शिलिंग. माझ्या मते खेळाच्या इतिहासातली ही फार मोठी घटना आहे, कामगाराच्या मजुरीवरून एक आख्खा खेळ दुभंगला आणि त्यातून नवा खेळ, म्हणजे आजची रग्बी लीग, तयार झाला, पण आपल्याकडे खेळाच्या पानावर हे कधी वाचायला मिळत नाही.

पुढे नियमही बदलले, १९०६ ला १५ चे १३ खेळाडू झाले. आपल्या वाचकांसाठी खेळ थोडक्यात सांगायचा तर कबड्डीत चढाई करणाऱ्याला जसं चारी बाजूंनी धरून लोळवतात तसंच इथे बॉल घेऊन पळणाऱ्याला लोळवतात, फरक एवढाच की लोळवलेला माणूस बाद होत नाही, तो उठतो, बॉल पायाखालून मागे सरकवतो आणि खेळ चालू राहतो. असे सहा वेळा लोळवले गेलात की बॉल समोरच्याला. बास, एवढं कळलं तरी पहिली मॅच बघता येते.

बॅटलीचा संघ नॉर्दर्न युनियनच्या आधीपासूनच जोरात होता, १८८५ ला त्यांनी यॉर्कशायर कप जिंकला होता. मग नव्या संघटनेने १८९७ साली सगळ्या क्लबांसाठी चॅलेंज कप सुरू केला. ब्रॅडफर्डच्या फॅटोरिनी पेढीने चांदीचा कप घडवला, किंमत ६० पौंड. आणि हा पहिलावहिला कप जिंकला कोणी, तर बॅटलीने! २४ एप्रिल १८९७, लीड्सचं हेडिंग्ली, समोर सेंट हेलन्स, स्कोअर १०-३. हेडिंग्ली आपल्याला क्रिकेटमुळे पाठ आहे, तिथेच बाजूला रग्बीचं मैदान आहे, तिथे झाली ही फायनल. दुसऱ्या वर्षी ब्रॅडफर्डला ७-० हरवून पुन्हा बॅटली, आणि १९०१ ला वॉरिंग्टनला ६-० हरवून तिसऱ्यांदा. पहिल्या पाच वर्षांत तीन वेळा कप या एका गिरणगावाकडे. त्यांना तेव्हा ‘गॅलंट यूथ्स’ म्हणायचे, म्हणजे शूर पोरं. बुलडॉग्स हे आताचं नाव फार उशिरा आलं, मला ते आवडत नाही, जुनंच बरं होतं.

आता मैदान. तुम्ही छापलेल्या फोटोंतली मैदानं बिलियर्डच्या टेबलासारखी सपाट होती, माउंट प्लेझंट तसं नाहीये, ते तिरकं आहे. टेकडीवर जागा मिळाली तशी घेतली, सपाट करायला पैसा कुणाकडे होता, आणि मग ते तसंच राहिलं. पिच एका कोपऱ्याकडे सरळ उतरत जातं, त्या खालच्या अंगाला इथले लोक ‘नाइन ओल’ म्हणतात. टीव्हीवर हा उतार कळत नाही. तिथे रेलिंगला टेकून उभं राहिलं की कळतो, वरच्या बाजूच्या खेळाडूंचे बूट दिसत नाहीत इतका चढ वाटतो, पाऊस पडला की पाणी त्या कोपऱ्याकडे ओघळतं आणि बॉल जमिनीवर पडला की थांबायच्या ऐवजी घरंगळत खाली निघतो, पाहुण्या संघाचा माणूस वाकतो तोवर बॉल त्याच्या हाताखालून दोन पावलं पुढे गेलेला असतो. घरच्या पोरांना हे पाठ आहे, कुठे मारलेला बॉल कुठे जाऊन थांबेल हे त्यांना न बघता माहिती असतं. टॉस जिंकला की पहिला हाफ चढाला खेळायचा की उताराला, यावर स्टँडमधली सगळी म्हातारी मंडळी मॅच सुरू व्हायच्या आधी तावातावाने बोलत असतात. बहुतेकांचं मत, आधी चढ, मग दमलेल्या समोरच्यांच्या अंगावर उतार. एकदा जानेवारीतल्या पावसात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनी, हातात मटारच्या लगद्याबरोबरची गरम पाई (सारण भरून भाजलेली), तिची वाफ चष्म्यावर, मला बोटाने दाखवलं की बघ, आता हा किक तिथे मारणार नाही, तिथे मारणार. आणि तिथेच मारला, आणि तिथूनच ट्राय झाला (म्हणजे बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवून गुण मिळाले). त्यांचे वडील, त्यांचे आजोबा याच रेलिंगला उभे राहायचे म्हणे. अशी माहिती कुठल्या नव्या स्टेडियमात तयार करून आणता येते सांगा बघू.

सगळ्यात मोठा काळ म्हणजे १९२०चं दशक. १९२४ ला चॅम्पियनशिप फायनलमध्ये बॅटलीने विगनला १३-७ हरवलं, तेव्हाचं विगन म्हणजे खायचं काम नव्हे. आणि पुढच्याच वर्षी १४ मार्च १९२५ ला चॅलेंज कपात लीड्स इथे खेळायला आलं, त्या दिवशी माउंट प्लेझंटवर २३,९८९ माणसं होती. हा आकडा आजतागायत मोडलेला नाही आणि मोडणारही नाही, कारण एवढी माणसं आत घ्यायची परवानगीच आता मिळणार नाही. मी कधी रिकाम्या दिवशी तिकडून चालत जाते तेव्हा बघत राहते की ही माणसं मावली तरी कुठे, त्या उतारावर, त्या अरुंद गल्ल्यांतून चढून, गिरणीचे कपडे बदलून किंवा न बदलता, दुसरं कुठलं ठिकाणच नसावं एवढ्या आठवड्याच्या रगाड्यानंतर मोठ्याने ओरडायला.

त्यानंतर मात्र ७४ वर्षं मोठं काही हाती लागलं नाही. मधल्या काळात गिरण्या बसत गेल्या, खेळाडू चार पैसे जास्त देणाऱ्या मोठ्या क्लबांकडे गेले, हे सगळं हळूहळू झालं. पण क्लब बंद पडला नाही आणि मैदान विकलं नाही, ही गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. कारण आजूबाजूला काय झालं बघा. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डमध्ये फुटबॉलची मॅच चालू असताना लाकडी स्टँडला आग लागून ५६ माणसं गेली. त्यानंतर कायदे कडक झाले, व्हायलाच हवे होते, त्यात दुमत नाही. पण रग्बी लीगच्या लहान क्लबांचे स्टँड सगळे त्याच जमान्यातले लाकडी, दुरुस्तीचा खर्च परवडेना, आणि शहरातली जागा तर सोन्याच्या भावाची झालेली. मग एकेक मैदान गेलं. स्विंटनचं स्टेशन रोड १९९२ ला गेलं, तिथे घरं झाली. हडर्सफील्डने फारटाउन सोडलं तेही १९९२ लाच. ओल्डमचं वॉटरशेडिंग्ज १९९७, घरं. हॅलिफॅक्सचं थ्रम हॉल १९९८, तिथे ॲस्डाचं दुकान. विगनचं सेंट्रल पार्क १९९९, तिथे टेस्को. सेंट हेलन्सचं नोज्ली रोड २०१०, पुन्हा घरं. शेजारच्या ड्यूसबरीचा क्राउन फ्लॅटवरचा लाकडी स्टँड १९८८ ला कुणीतरी पेटवून दिला, त्यांना पुढे १९९४ ला दुसरीकडे नवीन मैदान बांधावं लागलं. विगन आणि सेंट हेलन्ससारख्या श्रीमंत क्लबांचं नव्या जागी बरं चाललंय हे खरं आहे, ते नाकारत नाही. पण स्विंटन आणि ओल्डम कितीतरी वर्षं या गावातून त्या गावात भाड्याच्या मैदानावर फिरत राहिले, आपला क्लब या रविवारी कुठे खेळतोय हे लोकांना शोधायला लागायचं. मुंबईच्या गिरणगावात चाळींमधल्या आणि गिरण्यांच्या जागांचं पुढे काय झालं हे तुमच्या वाचकांना मी काय सांगणार. जागा मोकळी करा म्हणणं सोपं असतं, ती कुणासाठी मोकळी होते ते आधी बघावं.

बॅटलीला अजून एक धक्का बसला तो १९९५ चा. त्या सीझनला सेकंड डिव्हिजनमध्ये कीथली पहिलं आणि बॅटली दुसरं आलं, नेहमीच्या नियमाने दोघंही वर जायला हवे होते. पण नेमका त्याच वेळी टीव्हीच्या पैशावर सुपर लीग काढायचा निर्णय झाला, सगळी रचना बदलली आणि दोघंही राहिले खालीच. मैदानावर कमावलेलं कागदावर गेलं. गावात अजून हा विषय निघाला की माणसं चिडतात आणि त्यांचं चिडणं मला शंभर टक्के पटतं.

तरी १९९८ साली याच मैदानावर, याच उतारावर, बॅटलीने ओल्डमला २८-१२ हरवून ट्रान्स-पेनाइन कप जिंकला, ७४ वर्षांनंतरचा पहिला कप. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात रॉय पॉवेल गेला. हा ड्यूसबरीत जन्मलेला, ग्रेट ब्रिटनकडून खेळलेला दणकट फॉरवर्ड, बॅटलीकडे खेळत असताना प्रॅक्टिसमध्येच हार्ट अटॅक येऊन ३३ व्या वर्षी वारला. बॅटली आणि ड्यूसबरी एकमेकांचे जुने वैरी, यांच्या मॅचला हेवी वूलन डर्बी म्हणतात, पण रॉय पॉवेलच्या नावाची ट्रॉफी या दोघांतच खेळली जाते, ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी. दोन्हीकडचे लोक त्याला आपलाच म्हणतात.

आता एका विषयावर जरा स्पष्ट लिहिते, कारण तो आपल्या लोकांशी संबंधित आहे. माउंट प्लेझंट हे नुसतं मैदानाचं नाव नाही, आजूबाजूच्या वस्तीचंही तेच नाव आहे, आणि त्या वस्तीत आज बहुतेक घरं गुजराती मुसलमानांची आणि पाकिस्तानी कुटुंबांची आहेत. सुरत आणि भरूच जिल्ह्यांतून ही माणसं १९५०च्या दशकाच्या शेवटी आणि १९६०च्या दशकात इथल्या गिरण्यांत आली. १ मे १९६० पर्यंत सुरत-भरूच मुंबई राज्यातच होते, म्हणजे सुरुवातीला आलेले कितीतरी जण ज्या राज्यातून आले त्याच राज्यातून आपलेही आजोबा-पणजोबा. आमच्या गल्लीतले एक चाचा तेव्हाचेच, रात्रपाळी करायचे, कारण रात्रपाळी गोऱ्या कामगारांना नको असायची. ते सांगतात, शनिवारी दुपारी झोपलेलो असायचो आणि वरून आवाज यायचा, आख्खी टेकडी ओरडल्यासारखा, पहिल्यांदा वाटलं दंगल झाली. मग सवय झाली, आवाजावरून कळायचं कोण जिंकतंय. मी विचारलं, चाचा, आत कधी गेलात? म्हणाले, नाही बेटा, कुणी बोलावलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. घरापासून मैदान चालत पाच मिनिटं आणि साठ वर्षांत एकदा आत पाय नाही.

हे मला फार लागलं. मी म्हणते ते दोन्हीकडच्या लोकांनी ऐकावं. क्लबने आपल्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसांना दार उघडं आहे हे आधीच सांगायला हवं होतं, आणि आपल्या लोकांनीही हा गोऱ्यांचा खेळ, बिअरचा आणि आरडाओरड्याचा, आपलं काय काम, म्हणून पाठ फिरवायला नको होती. कारण हा खेळ मुळात कुणाचा होता, पाळी बुडाली तर मजुरी कापली जाणाऱ्या माणसाचा. चाचांपेक्षा तो जास्त कुणाचा असेल? इक्रम बट नावाचा पाकिस्तानी वंशाचा खेळाडू १९९५ ला इंग्लंडच्या रग्बी लीग संघात खेळला, इंग्लंडकडून रग्बी खेळणारा पहिला दक्षिण आशियाई, आणि तो याच भागातल्या फेदरस्टोन क्लबचा. म्हणजे होऊ शकतं. जो कॉक्स नावाच्या खासदार बाई इथल्याच, बॅटलीत जन्मलेल्या, त्यांनी पार्लमेंटच्या पहिल्याच भाषणात सांगितलं होतं की आपल्यात वेगळं आहे त्यापेक्षा सारखं जास्त आहे, आणि जून २०१६ मध्ये शेजारच्या बर्स्टलमध्ये त्यांचा खून झाला. ज्या गावाने हे बघितलंय त्या गावात सगळ्यांनी मिळून उभं राहायची जागा शिल्लक असणं किती गरजेचं आहे हे वेगळं सांगायला नको. दुकानं सगळ्यांची वेगळी झालीत, शाळाही जवळजवळ वेगळ्या. मैदान एकच आहे.

चाचांना मागच्या सीझनला घेऊन गेलो आम्ही, मी, माझा नवरा आणि त्यांचा नातू. त्यांना उतार चढवेना म्हणून गेटवरच्या माणसाने स्वतःहून खुर्ची आणून दिली, आणि हाफटाइमला एक बाई येऊन विचारून गेली की चहा हवा का. चाचांनी पूर्ण मॅच बघितली, एक शब्द बोलले नाहीत, आणि बाहेर पडताना नातवाला म्हणाले पुढची कधी आहे बघ मोबाइलवर.

आता शेवटचा मुद्दा, ज्याच्यामुळे तुमचं ते वाक्य मला एवढं खटकलं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बॅटली पहिल्यांदा वेम्बलीला खेळलं. चॅलेंज कपची फायनल १९२९ पासून वेम्बलीला व्हायला लागली, आणि ज्या क्लबने पहिला चॅलेंज कप जिंकला तो क्लब वेम्बलीला पोचला १४३ व्या वर्षी, तोही १८९५ कप नावाच्या खालच्या स्तरावरच्या स्पर्धेसाठी. हॅलिफॅक्सकडून १२-१० असे दोन गुणांनी हरले. गावातून बसगाड्या भरून लोक गेले होते. त्याच्या आदल्या वर्षी २०२२ ला चॅम्पियनशिपच्या (ही आता सुपर लीगच्या खालची लीग) ग्रँड फायनलला गेले होते, तिथे ली नावाच्या गावाच्या संघाने हरवलं. म्हणजे हा क्लब काही मरायला टेकलेला नाही. हजाराच्या आसपास प्रेक्षक, बरेचसे खेळाडू दिवसभर दुसरी नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिसला येणारे, आणि तरी फायनलपर्यंत जातात.

पण आता वरच्या लीगमध्ये जायचं तर नुसतं जिंकून भागत नाही. २०२५ च्या सीझनपासून क्लबांना २० पैकी गुण देतात, १५ च्या वर गेलात तर ए ग्रेड, म्हणजे सुपर लीगमधली जागा पक्की. त्यात मैदानालाही गुण आहेत, मोठी स्क्रीन आहे का, कडेला एलईडी बोर्ड आहेत का, स्टँड किती भरतो. २०२३ ला लंडनचा संघ खालून मैदानावर जिंकून सुपर लीगमध्ये गेला, आणि त्यांना खेळायच्या आधीच कळलं होतं की गुणांमुळे वर्षभरात परत खाली यायचंय. सुरक्षितता बघा, संडास बघा, व्हीलचेअरला रस्ता आहे का बघा, यावर गुण द्या आणि कापा, माझी ना नाही, उलट बायकांसाठीची सोय अजून कितीतरी सुधारायला हवी आहे माउंट प्लेझंटवर. पण एखादं मैदान १८८० पासून एकाच गावात एकाच जागी चालू आहे, विकलेलं नाही, ही गोष्ट गुणांच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही आणि स्क्रीन मात्र बसते, हे मला अजिबात मान्य नाही. असे गुण लावत गेलो तर लहान गावाने मोठं स्वप्न बघायचंच नाही असा अर्थ होतो, आणि १८९५ ला हे क्लब ज्या कारणासाठी बाहेर पडले होते त्याच्या बरोबर उलटं आहे हे.

म्हणून तुमच्याकडे दोन मागण्या आहेत. एक, खेळाच्या पानावर अशा लहान मैदानांसाठी महिन्यातून एकदा तरी जागा द्या, इथल्याच नव्हे, कुठल्याही. माउंट प्लेझंटचे फोटो मी पाठवते, नाइन ओलच्या कोपऱ्यातला पावसातला एक फोटो आहे त्यात उतार चांगला दिसतो. दोन, तुमचा पेपर इंटरनेटवर लीड्स, ब्रॅडफर्ड, मँचेस्टरकडची पुष्कळ मराठी कुटुंबं वाचतात, त्यांच्यासाठी एवढं छापा : लीड्सहून हडर्सफील्ड लाइनची गाडी पकडून बॅटलीला उतरायचं, स्टेशनवरून चढ चढत वर यायचं, सीझन चालू असेल तर मॅच बहुधा रविवारी दुपारी असते. ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी ड्यूसबरीबरोबर मॅच असली तर पोरांना घेऊन या, टोपी-हातमोजे आणा, वर वारा फार असतो. आम्ही नाइन ओलच्या बाजूला रेलिंगपाशी उभे असतो.

आपली,
एक वाचक
बॅटली, वेस्ट यॉर्कशायर